तुकाईच्या वळणावरची थरथर

मी एक जुनी गाडी आहे. रंग कधीकाळी पांढरा होता, आता धुरळ्याने ताकासारखा झाला आहे. मित्रांनो, मांजरसुंब्याच्या चौकात तुम्ही मला पाहिलं असेल, तर 'असल्या गाड्या ढीगभर असतात' म्हणून पुढे गेला असाल. बहुतेक गाड्यांची दोन चाकं ओढतात आणि दोन नुसती सोबत चालतात. माझी मात्र चारही चाकं ओढतात. हे बढाईने सांगत नाही. ह्याच ताकदीपायी एका लेकीला नाही नाही ते ऐकून घ्यावं लागलं, म्हणून सांगते.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथेच माझ्या पोटात एक पेटी बसवली. इंजिनाची ताकद पुढच्या जोडीला किती आणि मागच्या जोडीला किती द्यायची, हे ती पेटी बघते. गॅरेजवाले तिला ट्रान्सफर केस म्हणतात. मी तिला वाटणीची पेटी म्हणते. पंगतीत वाढणारी बाई जशी कुणाला कमी पडू देत नाही, तशी ती आहे. तिचं मागणं फार नाही. चारही चाकं सारखी असावीत, एवढंच. एक जोडी थोरली आणि एक धाकटी झाली, की ती बिचारी दोघींचं भांडण मिटवत बसते आणि आतल्या आत जळत जाते.

पहिली काही वर्षं मी बालाघाटाच्या माळावर पवनचक्क्यांच्या कामाला होते. तिथला साहेब बदलून गेला आणि मला रामप्रसाद नावाच्या शेतकऱ्याने घेतलं. मांजरसुंब्याच्या अलीकडे त्यांचं गाव. जमीन काळी, पावसाळ्यात पाय घोट्यापर्यंत रुतणारी. त्या चिखलातून मी सोयाबीनच्या ट्रॉल्या ओढून काढल्या. ओढ्यापलीकडच्या वस्तीवरची बाळंतीण भर पावसात नेकनूरच्या दवाखान्यात पोहोचवली. लोक म्हणायचे, "रामप्रसादाची गाडी म्हंजे दावणीची खिलारी हाय." हे ऐकलं की माझं इंजिन उगाच गोड आवाज करी.

रामप्रसादांनी मला घरी आणलं तेव्हा आधी गावाबाहेरच्या तुकाईच्या देवळाला माझी प्रदक्षिणा घातली. देवळाभोवतीची वाट अरुंद. उजव्या हाताने, स्टिअरिंग पुरतं वळवूनच फेरा पुरा होतो. तेव्हापासून नेमच पडला. शुभकार्याला निघायचं तर आधी तुकाईला एक फेरा. पुढे एका सकाळी माझ्या बॉनेटवर हात ठेवून उभे असताना रामप्रसाद तसेच खाली बसले, ते उठले नाहीत. त्यांच्या माघारी छबुबाई, त्यांची कारभारीण, रोज सकाळी तुळशीला पाणी घातलं की उरलेले चार थेंब माझ्यावर शिंपडायच्या. तोंडाने काही म्हणत नसत. मला कळायचं.

मग त्यांच्या एकुलत्या एका लेकाचं, जीवनचं, लग्न ठरलं. मुलगी शिरूर कासारकडची, मोहिनी. तिचे आईवडील दरसाल दसऱ्यानंतर बैलांची टायरगाडी जुंपून ऊस तोडायला जाणारे. माणसं स्वच्छ मनाची. वरात माझ्यातूनच यायची होती. माझी चारही टायरं तेव्हा झिजलेली होती.

"मागं नवरानवरी बसणार," छबुबाई म्हणाल्या. "त्यांच्या अंगाखाली जुनं न्हाई पाहिजे. मागली दोन नवी घाल."

जीवन हसला. "आई, टायर म्हंजे काय सतरंजी हाय का?"

"सतरंजीच समज. बसायला नवी लागती का न्हाई? पुढली अजून चालत्यात."

त्या माउलीने हे मायेनेच सांगितलं. नवरानवरीला कोरं कापड, कोरी चटई, तशी कोरी चाकं. जीवनने मागे दोन नवी चाकं चढवली. मला वाटलं, आता कुणीतरी म्हणेल की हिला चारही सारखी लागतात. कुणी म्हणालं नाही. ठाऊकच नव्हतं कुणाला.

वरात तुकाईपाशी आली. मागच्या सीटवर नवरानवरी, मोहिनीच्या मांडीवर ओटीचा नारळ. देवळाचा कोपरा आला, स्टिअरिंग पुरतं वळलं आणि माझ्या पोटात पुढची जोडी एकीकडे, मागची जोडी दुसरीकडे ओढू लागली. पेटीने धरलं, सोडलं, धरलं, सोडलं. पाट्यावर वरवंटा अडखळावा तशी मी थरथरले. धड, धड, धड. मोहिनीच्या मांडीवरचा नारळ घरंगळून पायाशी पडला.

बाहेर वाजंत्री क्षणभर थांबली. छबुबाईंची भावकीतली जाऊ सुभद्राबाई बायकांच्या पुढे होती. ती हळूच म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "भावजी होते तवर कवा थरथरली न्हाई गं ही गाडी. आजच कावून थरथरली?"

"नवी मानसं बसली न्हवं," दुसरी कुणी म्हणाली.

छबुबाईंचं तोंड उतरलं. त्या एवढंच म्हणाल्या, "गप ऱ्हावा. देवाच्या दारातलं देवाच्या दारातच ठेवा. कुठं बोलायचं न्हाई." पुढे सगळं बिघडलं ते ह्या एका वाक्याने.

मोहिनी घरात आली. पहाटे उठून अंगणात शेणसडा, रांगोळी, मग देवघर. मंगळवारी पायी जाऊन तुकाईला प्रदक्षिणा घालायची. बोलायची कमी. मी मात्र दर वळणावर थरथरत होते. गोठ्याकडे वळताना, पेट्रोल पंपावर वळताना. सरळ रस्त्याला पळताना कुणाला काही कळायचं नाही. आत पेटी तापायची आणि ताकद धरणाऱ्या-सोडणाऱ्या तिच्या प्लेटा हळूहळू करपायच्या.

जीवन मला मांजरसुंब्याला परमेश्वरच्या गॅरेजात घेऊन गेला. परमेश्वर आणि तो एका शाळेतले. माणूस हाताचा चांगला.

"कवा थरथरती?" परमेश्वरने विचारलं.

"कवाबी."

"कवाबी म्हंजे कवा बे? सरळ का वळताना? थंडी असताना का तापल्यावर?"

मित्रांनो, त्या घटकेला मला वाचा असती तर! जीवन पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला. वळताना म्हटलं तर कुठे वळताना, हे आलं. कुठे म्हटलं की तुकाई आली. आईचा शब्द मोडायचा कसा? "ध्यान न्हाई," तो म्हणाला.

परमेश्वरने माझं गिअर ऑइल बदललं. इंजिनाखालची रबरं बदलली. चाकांना फिरवणाऱ्या लांब दांड्याचा क्रॉस, म्हणजे सांधा, ढिला आहे का ते हलवून बघितलं. मग मला महामार्गावर पळवून आणलं. सरळसोट रस्ता, मी लोण्यासारखी गेले.

"काय न्हाई हिला," तो म्हणाला. "तुझा वहीम हाय. बायकोला घेऊन जरा फिरून ये, बरं वाटंल."

जीवन हसला नाही. ज्याने दुखणं लपवलं, त्याला औषध कुठून लागायचं?

श्रावणात घाटाच्या वळणावर मी अशी हादरले की जीवनच्या हातातलं स्टिअरिंग सुटलं. पुढचं चाक कडेच्या दगडाला जाऊन भिडलं. दगड होता म्हणून वाचलो. घरी आल्यावर छबुबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "संगं कोण होतं?"

"मोहिनी."

छबुबाई देवघरात जाऊन बसल्या. त्या दिवसापासून त्यांनी अळणी जेवण धरलं. मोहिनीला मात्र सांगितलं, "तू आता गाडीत बसू नको, बाई." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं, असं मला वाटलं. रागाला उत्तर देता येतं, भीतीला देता येत नाही. आणि त्यांची भीती खोटी नव्हती. नवरा माझ्याजवळ पडला होता. आता लेक माझ्यात बसत होता.

त्यानंतर बैलपोळ्याला माहेरी जायचं तर मोहिनी एसटीने गेली. बाजाराला शेजारणीच्या मागे स्कूटीवर. मी शेडमध्ये उभी असले की ती जवळून जाताना पदर सावरून लांबून जायची. जणू तिचं वारंही मला लागायला नको.

नवरात्र बसलं. छबुबाईंनी नऊ दिवस अनवाणी राहायचं व्रत घेतलं. सुभद्राबाई ओसरीवर येऊन बसायची आणि फुलवाती वळता वळता बोलायची. "पायगुण कुनाच्या हातात न्हाई, बाई. पर डोळ्यानं दिसत असून लेकाला दावणीला बांधायचं का? दोन-चार महिने माहेरी ऱ्हाऊ दे. गाडी नीट झाली तर समजंल, कशानं झालती."

छबुबाई वळलेल्या वाती ताटात लावत राहिल्या. संध्याकाळी त्यांनी सुनेला सांगितलं, "खंडेनवमीची पूजा तुझ्या हातानं होऊ दे. दसरा झाला की जीवन तुला शिरूरला सोडंल. थोडे दिवस ऱ्हा."

मोहिनीने हातातलं ताट खाली ठेवलं. "बरं, आत्याबाई," ती म्हणाली. आणखी एक गोष्ट सांगायची होती ती तिच्या ओठांवरच राहिली.

ती गोष्ट अष्टमीला आपसूकच कळली. तिचे वडील बंकट, तिचे दादा, भेटायला आले. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. दारातच उभ्या उभ्या म्हणाले, "विहीणबाई, दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी आमची टोळी निघती. यंदा कर्नाटकात हाय कारखाना." मग लेकीच्या हातात एक किल्ली दिली. "घराला कुलूप घातलं की किल्ली तुझ्यापाशी. शेजारी देत न्हाई आता. तुझं घर भरलेलं हाय, तिथंच बरी."

मोहिनीने किल्ली पदराच्या गाठीत बांधली. छबुबाई चहा गाळत होत्या. चहा कपाबाहेर गेला तरी गाळत राहिल्या. सुनेला कुठे धाडतोय, हे त्यांना तेव्हा कळलं. कुलपापाशी.

खंडेनवमीची सकाळ. मोहिनीने अंगणाला ताजा दाट सडा घातला. घरातली कोयती, विळे, पंप, सगळं ओळीने मांडलं. मला धुतलं. कित्येक दिवसांनी तिचा हात मला लागला. हात थंडगार होता. तिने ओलं कुंकू कालवून चारही टायरांवर, जमिनीला टेकणाऱ्या भागालगत, तळव्याने ठसा उमटवला. चाकांपुढे लिंबं ठेवली.

"हळू घ्या," ती जीवनला म्हणाली.

मी लिंबं चिरडत ओल्या अंगणातून सरळ फाटकापर्यंत गेले. मोहिनी सरकलेली रांगोळी नीट करायला वाकली आणि तशीच राहिली. अंगणात माझ्या चाकांच्या वाटेवर कुंकवाचे ठसे पडले होते. पुढच्या चाकाचा ठसा सपाट, कारण ते टायर गुळगुळीत. मागच्याचा ठसा नक्षीचा, कारण ते नवं. प्रत्येक चाक एक गिरकी घेऊन पुन्हा आपला ठसा टेकवत गेलं होतं.

तिने पूजेच्या ताटातला सुताचा गुंडा उचलला. सपाट ठशापासून पुढच्या सपाट ठशापर्यंत सूत ताणलं आणि तोडलं. मग तेच सूत नक्षीच्या ठशावर धरलं. पुढच्या नक्षीला ते पोहोचेना. दोन बोटं उणं पडलं. तिने पुन्हा मापलं. दोन बोटंच.

"अहो," तिने जीवनला हाक मारली. "पुढलं चाक धाकटं हाय, मागलं थोरलं."

"टायर झिजलंय. त्यानं काय होतंय?"

"आमच्या टायरगाडीला दादांनी एकदा एका बाजूला बारीक चाक घातलतं. दिसायला काय फरक न्हवता. आठ दिवसांत बैलाचा खांदा सुजला. बैल रातभर उभाच." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "हिचे तर चारी पाय जुंपलेले हायत."

मित्रांनो, इतक्या महिन्यांत माझ्या दुखण्याला पहिल्यांदा कुणीतरी नावाने हाक मारली.

छबुबाई ओसरीवरून ऐकत होत्या. मोहिनी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. सूत हातातच होतं. "आत्याबाई, एक विचारू? वैद्याला दुखणं सांगावं लागतं. तुकाईच्या वळणावर गाडी थरथरती, हे गॅरेजवाल्याला सांगितलं तर देवीला राग येईल का?"

छबुबाईंनी सुनेच्या पदराच्या गाठीकडे पाहिलं. किल्लीचा उंचवटा दिसत होता. मग म्हणाल्या, "तू नको सांगू. मी तोंड बांधलं, मीच सोडते. चला."

"आई, तू अनवाणी हायस. तिथं खिळे, तेल..."

"तुकाई बघून घेईल. तू गाडी काढ." आणि सुनेकडे वळून, "बस. मागं बस, माझ्याजवळ."

परमेश्वरच्या गॅरेजातही पाना-जॅकची पूजा चालली होती. अनवाणी बाई बघून त्याने लगेच गोणपाट अंथरलं. "काकू, ह्याच्यावर पाय ठेवा. काय झालं?"

छबुबाईंनी सगळं सांगितलं. वरात, तुकाईचा कोपरा, नारळ, घाट. "अन् मागली दोन नवी चाकं मीच घालायला लावली. पोरांच्या अंगाखाली जुनं नको म्हणून."

परमेश्वरने जीवनकडे पाहिलं. "आरं, हे तवाच सांगितलं असतंस तर मी हिला सरळ सडकेवर कशाला पळवली असती?"

"सांगू नको म्हणून मीच म्हणलते," छबुबाई म्हणाल्या. "त्याला बोलू नका."

मग परमेश्वरने मला मागच्या मोकळ्या जागेत नेलं. स्टिअरिंग पुरतं वळवलं आणि हळूहळू गोल फिरवलं. मी थरथरले. त्याने उलटं वळवलं. तरीही थरथरले. लाज वाटत होती, पण बरंही वाटत होतं. अखेर योग्य माणसापुढे योग्य जागी कळ उठली होती. त्याने टायरांच्या खाचा मापल्या, मोहिनीचं सूत हातात घेऊन बघितलं आणि मान डोलावली. "हेच हाय. मागल्यासारखीच दोन पुढं घालतो. चारी एका नंबरची, एका वयाची. पर काकू, एक सांगतो. आतल्या प्लेटा लई दिवस घासल्या गेल्यात. तेल बदलतो. थरथर बरीचशी कमी होईल. पुरती जाईल असं मी म्हणत न्हाई."

"पुरती न्हाई?" जीवनने विचारलं.

"सोसलंय ना तिनं. लवकर आली असती तर गोष्ट निराळी."

दसऱ्याच्या संध्याकाळी सीमोल्लंघनाला गाव तुकाईपाशी जमलं. सुभद्राबाई पायरीवर आपट्याची पानं घेऊन उभी होती. मागच्या सीटवर मोहिनी, तिच्या शेजारी छबुबाई. मोहिनीच्या मांडीवर नारळ होता आणि तिने तो दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. आज मी हादरले तर उद्या तिच्यासाठी कुलूपच होतं.

कोपरा आला. स्टिअरिंग वळलं. चारही चाकं एका पावलाने निघाली. मी श्वास धरावा तशी वळले. अर्धा फेरा गेला. काही नाही. शेवटच्या कोपऱ्यावर मात्र करपलेल्या प्लेटांनी एकदा धरलं, सोडलं. धड. एवढंच. हलकं, पण होतं.

नारळ पडला नाही. मोहिनीने डोळे मिटले. बाहेर सुभद्राबाई म्हणाली, "थरथरली बघा. अजून हायच."

छबुबाईंनी काच खाली केली. "हाय," त्या म्हणाल्या. "तेवढी माझी हाय, जाऊबाई. मी गप बसले त्याची. हिच्या नावावर घालू नका." आणि सुनेच्या हातावर हात ठेवून फेरा पुरा होईपर्यंत तो तसाच राहू दिला.

सुभद्राबाई हातातली पानं चाचपत राहिली. मोहिनीनेच खाली उतरून पहिल्यांदा वाकून तिला सोनं दिलं.

घरी आल्यावर छबुबाईंनी ओसरीवर सुनेच्या पदराची गाठ स्वतः सोडली. माझी किल्ली ज्या खिळ्याला लटकते, तो खिळा मला शेडमधून दिसतो. त्याच खिळ्याला त्यांनी शिरूरच्या घराची किल्ली अडकवली. "तुझी आई येईस्तवर हितं ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "अन् तू बी."

मित्रांनो, आता मी म्हातारी झाले आहे. थंडीच्या सकाळी पहिल्या वळणावर ते एक धड अजून उठतं. मोहिनी सोबत असली की माझ्या डॅशबोर्डवर हलकेच हात ठेवते, जसा तिचे दादा बैलाच्या खांद्यावर ठेवत असतील. तुमच्या घरी माझ्यासारखी चारही चाकांनी ओढणारी कुणी असेल, तर तिची चारही चाकं एकदम बदला, जोडी फोडू नका. तिचं कुठं दुखतं ते बघा आणि जसं दिसलं तसं सांगा, मग ते देवाच्या दारात का दिसलेलं असेना. आणि घरात काही बिघडलं, तर शेवटी आलेल्या माणसाकडे बोट दाखवायच्या आधी एकदा वाकून चाकाखाली बघा.